सोळा सांगून आठ दिले: ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीबाबत तक्रार

दांडिया बाजार, बडोदे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय: १६ जीबीचे सांगून ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड बसवून दिल्याबाबत

महोदय,

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आठवडाभर आधी, तुमच्याकडून मागवलेला तयार गेमिंग पीसी घरी आला. त्याबद्दल आजवर तीन ईमेल इंग्रजीत पाठवले. तिन्हींना शब्दाला शब्द एकच उत्तर आले: ड्रायव्हर अपडेट करा, इंटरनेटचा वेग तपासा. तुमचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे, तेव्हा आता मराठीत लिहितो. निदान हे पत्र कोणीतरी माणूस वाचेल.

मी ३१ वर्षे तोलमाप खात्यात होतो. दुकानादुकानांतून काटे तपासत फिरलो. निवृत्तीनंतर विमान उडवायचा नाद लागला, अर्थात पडद्यावर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ नीट चालावा एवढ्यासाठीच हा पीसी घेतला. 'एवढ्या पैशांत आपण दोघे खऱ्या विमानाने काशीला जाऊन आलो असतो,' असे आमच्या घरात रोज ऐकायला मिळते. त्याची भरपाई मी मागत नाही.

तुमच्या जाहिरातीत एकाच ओळीत छापले होते: आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी, १ टीबी एसएसडी. हे कार्ड ८ आणि १६ अशा दोन मापांत येते, हे मला ठाऊक होते. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचारले, 'सोळा म्हणजे कार्डाचेच ना?' पलीकडून उत्तर आले, 'हो सर, सोळाच.' आता तुम्ही कळवता की ते सोळा रॅमचे, म्हणजे संगणकाच्या वेगळ्या मेमरीचे होते. मग कार्डाचे किती, हे जाहिरातीत कुठे होते? बिलावरही नुसते कार्डाचे नाव आहे, माप नाही. आणि एक गंमत सांगतो. मदरबोर्डचा खोका आला, एसएसडीचा आला, उरलेल्या केबलींची पिशवीसुद्धा आली. ज्या खोक्यावर कार्डाची मेमरी ठळक छापलेली असते, नेमका तोच आला नाही.

आता त्रास काय होतो ते सांगतो. उड्डाण झाल्यावर पहिली दहा-बारा मिनिटे चित्र सुरेख असते. परत फिरून हरणीच्या, म्हणजे आमच्या बडोद्याच्या विमानतळाच्या, धावपट्टीकडे खाली येऊ लागलो की शहर जवळ येते, आणि तिथून बिघडते. घरांच्या भिंती ओल्या रांगोळीसारख्या फिसकटतात. चित्र थबकते, अर्ध्या सेकंदाने विमान भलत्याच जागी सापडते. वर आकाशात अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. उतरताना मात्र चाके गवतात जातात. आठवड्यात चार वेळा गेली.

हा गेम जमिनीचा नकाशा आणि चित्रे इंटरनेटवरून ओढतो, तेव्हा तुमची इंटरनेटची शंका अगदीच निराधार नव्हती. म्हणूनच मी ती तपासली. कुठली मेमरी किती भरली ते दाखवणारा टास्क मॅनेजर दुसऱ्या पडद्यावर उघडा ठेवून तोच मार्ग, तेच विमान, तेच हवामान घेतले. धावपट्टी जवळ आली तशी डेडिकेटेड जीपीयू मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची, ७.७ जीबीवर जाऊन चिकटली, आणि तिच्याखालचा शेअर्ड मेमरीचा, म्हणजे रॅममधून उसन्या घेतलेल्या जागेचा, आकडा चढू लागला. अडखळणे सुरू झाले ते नेमके त्याच वेळी. मग फक्त टेक्स्चर, म्हणजे भिंती-झाडांवर चिकटवलेल्या चित्रांचा बारकावा, अल्ट्रावरून मिडियमवर आणले. बाकी कशालाही हात लावला नाही. अडखळणे थांबले. काटा तपासताना एका वेळी एकच वजन बदलायचे असते, म्हणजे खोट कुठे आहे ते कळते. इथे ती मेमरीत निघाली.

तुमच्या तंत्रज्ञांना हे माहीत असणारच, पण पत्र वाचणाऱ्याला नसेल म्हणून लिहितो. कार्डाची मेमरी म्हणजे दुकानाच्या गाळ्यातली फळी. भिंती, झाडे, ढग यांची टेक्स्चर्स हाताशी असावीत म्हणून तिथे रचलेली असतात. या कार्डात त्या फळीवरून सेकंदाला ४४८ जीबी उचलता येतात. फळी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये, म्हणजे मागच्या गल्लीतल्या गोदामात जातो, आणि लागेल तेव्हा तिथून आणावा लागतो. तुम्ही दिलेल्या मदरबोर्डवर ती वाट पीसीआय एक्सप्रेस ४.० ची आहे. हे कार्ड तिच्या आठच लेन वापरते, म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ जीबी. २८ पट हळू. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते आणि नोकर गोदामात पळतो, तसे माझे विमान हवेत लटकते. ८ आणि १६ जीबीच्या दोन्ही कार्डांत चिप एकच आहे, ४६०८ कोरची. वेगही तोच. फरक फक्त फळीचा आहे, आणि मी पैसे मोजले ते फळीसाठी.

तुम्ही पाठवलेल्या चाचणीच्या अहवालात सरासरी ७२ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रे, दाखवल्या आहेत. ती चाचणी १०८० पीवर पाच मिनिटांची आहे. माझा मॉनिटर १४४० पीचा, म्हणजे त्याहून जास्त बारकाव्याचा, आणि मेमरी भरायलाच दहा मिनिटे लागतात. शिवाय सरासरीत अडखळणे दिसत नाही. सेकंदाच्या सुरुवातीला साठ फ्रेम भराभर आल्या आणि उरलेला अर्धा सेकंद चित्र गोठले, तरी सरासरी साठच येते. सर्वांत हळू आलेल्या १ टक्का फ्रेमचा आकडा द्यायचा होता, तो अहवालात नाही.

मागच्या बुधवारी तुमच्या इथल्या सेवा केंद्राचा एक मुलगा येऊन गेला. त्याने बाजूची काच उघडली, टॉर्च मारून स्टिकर वाचला आणि सरळ म्हणाला, 'काका, आ तो आठवाळुं छे.' त्याला चहा दिला. तुमच्या कंपनीकडून मिळालेले खरे उत्तर एवढे एकच. कृपा करून त्या मुलावर राग काढू नका.

मेमरीच्या मापावरून भांडणारा मी पहिलाच नाही. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९७० या ग्राफिक्स कार्डात ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी बराच हळू चालत होता. त्यावरून अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ मध्ये ग्राहकांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. तिथे तंटा अर्ध्या जीबीचा होता, इथे आठांचा आहे. या दोन कार्डांच्या जाहीर किमतीत फरक होता ५० डॉलरचा, ३७९ आणि ४२९. तेवढ्यासाठी तुम्ही एवढी टोलवाटोलवी का करावी, हे मला अजून उमगलेले नाही.

माझे म्हणणे साधे आहे. आठचे कार्ड काढून न्या आणि सोळाचे बसवून द्या, जास्तीचा एक पैसाही न घेता. ते जमत नसेल तर पीसी परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या. 'टेक्स्चर मिडियमवर ठेवा' हा उपाय मला मान्य नाही, कारण मिडियमवर माझा जुना पीसीही चालत होता. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी नाही, तेव्हा पुण्याला खेपा घालाव्या लागतील म्हणून मी गप्प बसेन असे समजू नका.

बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, टास्क मॅनेजरचे दोन फोटो आणि स्टिकरचा एक फोटो सोबत जोडला आहे. नवे कार्ड घेऊन माणूस पाठवाल तेव्हा सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. आणि कार्ड त्याच्या खोक्यासकट पाठवा. खोका माझ्यासमोर फुटेल.

आपला,
एक ग्राहक
(नाव, फोन आणि ऑर्डर क्रमांक बिलाच्या प्रतीवर आहेत)