देवघेवीचं टेबल उघडं ठेव

गिरगाव, मुंबई
२ मार्च

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. मराठी भाषा गौरव दिनाला तुझ्या वाचनालयात बारा माणसं आली, त्यातली सहा कार्यकारिणीचीच, एवढं सांगून तू आईला फोन द्यायला सांगितलंस. रात्री झोप लागेना, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. फोनवर मला असं सलग बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे.

बारा माणसं म्हणजे कमी नव्हेत गं. मला विचारायचं होतं ते वेगळंच. त्या बाराजणांतल्या किती जणांनी घरी जाताना पुस्तक नेलं?

बत्तीस वर्षं मी इथल्या वाचनालयाच्या देवघेव विभागात, पुस्तकं देण्या-घेण्यात काढली. तुला द्यावी अशी एकच गोष्ट त्यातून हाती लागली. कार्यक्रम कोणताही असो, तो संपल्यावर अर्धा तास देवघेवीचं टेबल उघडं ठेवायचं. मला हे उशिरा कळलं, आणि कसं कळलं ते तुला कधी सांगितलं नाही.

तू तेव्हा चौथीत असशील. आमच्याकडे व्याख्यान होतं. खुर्च्या मंगल कार्यालयातून आणलेल्या, तरी जिन्यापर्यंत माणसं उभी. कार्यक्रम आहे म्हणून देवघेव लवकर आटोपली, कपाटांना कुलपं लावली आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात. वक्त्यांनी एका जुन्या कादंबरीतला प्रसंग असा काही सांगितला की सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज येत होता. संपल्यावर सगळे चहाकडे वळले आणि एक बाई माझ्यापाशी आल्या. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "ते पुस्तक तुमच्याकडे आहे का हो? मी आत्ता वर्गणी भरते." पुस्तक होतं. चार पावलांवरच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर. मी म्हटलं, "आज देवघेव बंद आहे, उद्या या." त्यांनी घड्याळ पाहिलं, "मी नालासोपाऱ्याला राहते," एवढंच म्हणाल्या आणि चर्नी रोड स्टेशनच्या दिशेने निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे कित्येक महिने दारात पिशवी घेतलेली बाई दिसली की माझी मान वर व्हायची. त्या वर्षीच्या अहवालात 'श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शब्द माझ्याच हातचे आहेत. ते वाचताना मला अजून बोचतं.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की ग्रंथ वापरासाठी आहेत. तू ते परीक्षेसाठी पाठ केलंस. मला ते त्या बाईंनी शिकवलं.

आता मुलांचं. दर शनिवारी तू गोष्ट वाचून दाखवतेस, फार चांगलं करतेस. पण पूर्ण वाचू नकोस. आमच्या बालविभागात शेजारच्या गल्लीतला एक मुलगा यायचा, तो खरं तर पंख्याखाली बसायला आणि थंड पाणी प्यायला. सतरंजीच्या अगदी कडेला, चपला हाताशी ठेवून बसायचा. एकदा गोष्टीतला होडीवाला भोवऱ्यात सापडला, तिथे मी थांबलो, पानात खूण घातली आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. बाकीची मुलं ओरडली. हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर! अनामत भरायला घरून पैसे मिळणार नव्हते. मग ते पुस्तक मी तुझ्या पिवळ्या कार्डावर दिलं. आठवतंय, तू चिडली होतीस, "मी न वाचलेल्या पुस्तकांवर माझं नाव कसं?" त्या वर्षात तुझ्या नावावर जी सत्तावीस पुस्तकं चढली, त्यातली एकोणीस त्याची. एकही हरवलं नाही, एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. तुमच्या नियमात अनामतीची अडचण असेल तर कार्यकारिणीशी बोल, पाच-सहा कार्डं वाचनालयाच्याच नावावर काढून ठेव. ऐकतील. नाही ऐकलं तर पैसे मी पाठवतो.

अध्यक्षांना ग्रंथदिंडी काढायची आहे आणि तुला ती नको आहे, असं आई म्हणाली. काढ. लेझीम, पालखी, शाळेची मुलं, सगळं होऊ दे. छोट्या गावात वाचनालय रस्त्यावर आलेलं लोकांना दिसलं पाहिजे. फक्त पालखीत ठेवशील ती पुस्तकं देवघेवीची असू देत, दाखल क्रमांक घातलेली, कार्ड लावलेली. त्यांना हार घालू नकोस, ओल्या फुलांनी पुठ्ठे खराब होतात. आणि दिंडी वाचनालयात पोचली की ती पुस्तकं तिथल्या तिथे मुलांच्या नावावर घाल.

तुमच्या वेळा मात्र मला पटल्या नाहीत. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, बाजाराच्या दिवशी सुट्टी. अगं, वाडीवाडीतल्या बायका एस.टी.ने गावात येतात त्या नेमक्या बाजाराच्या दिवशी, आणि परतीच्या गाडीला दुपारी तासभर वेळ असतो. त्या तासात दार उघडं हवं, माठात पाणी हवं आणि स्वयंपाक, आरोग्य, कथासंग्रह अशी वीस-पंचवीस पुस्तकं दारालगतच्या टेबलावर मांडलेली हवीत. परत आणायची मुदत पुढच्या बाजारापर्यंत. सुट्टी हवी तर दुसरा वार बघ.

अभ्यासिकेतली मुलं कपाटांकडे बघतसुद्धा नाहीत, हे तुझं दुःख मला समजतं. आमच्याकडेही स्पर्धा परीक्षेची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन यायची. पण त्यांना परकं समजू नकोस. त्यातल्या एकाला शनिवारी लहान मुलांसाठी वाचायला बसव. मोठ्याने वाचताना माणूस गोष्टीत अडकतोच.

दिवाळी अंकांचे गठ्ठे आता बांधून टाकू नका. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून एरवी काहीही न वाचणारी माणसंसुद्धा अंक मात्र वाचतात. अंकांची योजना संपली की ही माणसं आपल्याला दुरावतात. प्रत्येकाने कोणता अंक आवडीने नेला ते तुझ्या नोंदवहीत आहेच. तो लेखक तुमच्या कपाटात असेल तर त्याचं पुस्तक काढून त्या माणसासाठी बाजूला ठेव, आणि भेटला की हातात दे. यासाठी ना बॅनर लागतो ना माइक.

आणखी एक. आमच्या मागची चाळ पुनर्विकासात जाते आहे, लोक पुस्तकं रद्दीत घालतायत. तुझ्यासाठी तीन खोकी आली होती. मी एकेक उघडून पाहिलं. कसर लागलेली, कुबट वास येणारी सगळी बाजूला काढली, कारण कोकणातल्या पावसात एक बुरशीचं पुस्तक अख्खी फळी खातं. देणगी म्हणून कोणी काहीही दिलं तर तूही आधी उन्हात उघडून बघ, मगच दाखल कर. तुझ्या रत्नागिरी जिल्ह्यात १८२८ सालापासून वाचनालय चालतंय, तिथल्या माणसांना पुस्तकं जपणं नव्याने सांगायला नको, पण नवीन शिपाई पोरगा आहे ना, त्याला दाखव.

बालविभागाची चाळीस पुस्तकं निघाली. मी पुठ्ठे चिकटवलेत, आई खाकी कव्हरं घालते आहे. पुढच्या आठवड्यात तुतारी एक्स्प्रेसने येतो. माझा तारखेचा शिक्काही आणतोय. त्यातली वर्षाची पट्टी संपली होती, ती बदलून घेतली.

शनिवारी आहेच मी तिथे. गोष्ट तू वाच, टेबलावर मी बसेन.

तुझे,
बाबा