शेजारच्या काकींना, 2025 च्या मे महिन्याबद्दल

ती. काकींस,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गे, मुलं कशी आहेत ते सांग" म्हणून विषय बदलता. समोर बसून बोलावे तर उठून चहा टाकायला जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. त्या मे महिन्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर एका बाईने दोन घरांचा संसार कसा ओढला, ते आपल्या माणसांना कळावे असे मला मनापासून वाटते.

आमची मुले पुण्यात वाढतात. सुट्टीला गोव्याला चाललो म्हटले की त्यांचे मित्र विचारतात, कुठल्या बीचवर? आपला वाडा वाळपईच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. समुद्र तिथून लांब. माझ्या मुलांचा गोवा म्हणजे सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की चड्डीवरच धावत जाऊन आणलेले गरम उंडे (गोल पाव). दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज आणि तिच्यात चुरलेले चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या). दुपारी विहिरीवर डोक्यावर ओतून घेतलेली कळशी. उन्हे कलली की डोंगरावरून द्रोण भरून आणलेली करवंदे आणि चुन्ना ही रानफळे. रात्री सोप्यावर ओळीने अंथरुणे आणि आजोबांच्या गोष्टी, त्याच त्या, तरीही रोज हव्याच. पैसे मोजून अशी सुट्टी कुठे मिळत असेल असे मला वाटत नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध पुरुमेंत. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पावसाचे चार महिने पुरतील अशा वस्तू उन्हाळ्यातच घरात भरून ठेवायच्या, ते पुरुमेंत. मिरच्या, कांद्यांच्या माळा, चिंच, मीठ, सोलां (आमसुले), आंबोशी (वाळवलेल्या कैरीच्या फोडी), खारे बांगडे, सुंगटे (कोळंबी). मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला (सणाला) त्याचा मोठा बाजार भरतो, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मे महिन्यात त्यानेच फुललेला असतो. बाजारातून आणायचे ते आणायचे, पण घरच्या झाडांचे घरीच करायचे असा आपल्या वाड्यावरचा रिवाज. मानकुराद आंबा कापून खायचा, मुसराद आंब्याचे मांगाड (जॅम) करायचे, रसाळ फणसाची साठे (पोळ्या) घालायची, भिरंडे (कोकमाची फळे) फोडून सोलां वाळवायची, तोरांना मीठ लावून, वर दगड ठेवून बरणीत चेपायचे. आईचा मे महिना यातच जातो आणि तिला तो तसाच जायला हवा असतो.

त्या वर्षी आम्ही निघायच्या आधीच आई विहिरीजवळच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. उजवे मनगट मोडले, कमरेलाही मार बसला. बाबा घरात एकटे, गोंधळलेले. 108 ला फोन तुम्ही लावलात. गाडी येईपर्यंत हाताला फळी बांधून, मान मांडीवर घेऊन तुम्ही तिच्याशी बोलत बसलात. मग बाबांसोबत तुमचा मोठा मुलगा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) गेला आणि ऑपरेशन होऊन आई वॉर्डात येईपर्यंत तिथून हलला नाही. मला तुमचा फोन आला तेव्हा मी रडायलाच लागले, आणि तुम्ही म्हणालात, "अगे, हांव आसां न्हय!" (अगं, मी आहे ना!) एवढ्या एका वाक्यावर मी पुण्याहून गोव्यापर्यंतची रात्र काढली.

दवाखान्याचे, डब्यांचे, रात्रीच्या जागरणांचे तुम्ही जे केलेत त्याला तोड नाही. ते मी थोडक्यात सांगते आहे, कारण त्याबद्दल कुणीही तुमचे आभार मानेल. मला ज्याबद्दल लिहायचे आहे ते पुढचेच.

आई घरी आली ती गप्प होऊन. डॉक्टरांनी उजवा हात वापरू नका म्हणून बजावलेले. परसात भिरंडांचे झाड लालभडक, खाली सडा पडलेला. फणस झाडावरच पिकून घमघमत होते. ती सोप्यावर पडल्या पडल्या ते बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मी तिला म्हटले, या वर्षी राहू दे ग, विकत आणू. तिने मान डोलावली, पण त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. हातात विळी, काखेत दोन सुपे, मागे तुमची सून फणस घेऊन. कुणाला काही विचारले नाहीत. आरामखुर्ची सोप्यावरून ओसरीत आणलीत, आईला धरून तिच्यात बसवलेत, आणि माझ्या मुलांना समोर चटईवर बसवून म्हणालात, "आजी सांगेल तसं करायचं. मला काही येत नाही."

काकी, तुम्हाला काही येत नाही! आईच्या दुप्पट पावसाळे तुमच्या बरण्या भरल्या असतील. तरी तोरांना मीठ किती घालू हे तुम्ही तिला विचारलेत. मूठभर मीठ तिच्या डाव्या तळहातावर ठेवून दाखवलेत, तिने थोडे कमी केले, मग तेवढेच घातलेत. मिरच्या भाजू की कच्च्याच कुटू, रस गाळू की तसाच ओतू, एकेक गोष्ट विचारलीत. संध्याकाळपर्यंत आई मुलांवर ओरडायला लागली होती. मी आत स्वयंपाकघरात तो आवाज ऐकत उभी होते आणि मला किती बरे वाटले ते आज सांगते.

काम तिच्या हातून काढून घेणे सोपे होते. तुम्ही ते तिच्या हातातच ठेवलेत. मी तिची मुलगी, पण हे मला सुचले नव्हते.

मुलांना तुम्ही जे शिकवलेत ते त्यांच्या अंगात मुरले आहे. भिरंड फोडताना नख लावायचे नाही, सुरीने आडवा छेद देऊन अंगठ्याने बिया बाजूला काढायच्या. साल सुपात, बिया आणि गर वेगळ्या भांड्यात, त्यावर मीठ. त्यातून सुटलेल्या आगळात साली बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा घालायच्या, काळ्याभोर होईपर्यंत. धाकटीची बोटे जांभळी झाली ती शाळा सुरू होईपर्यंत तशीच होती आणि तिने ती वर्गात सगळ्यांना दाखवली. बियाही फेकायच्या नाहीत, हे तुम्ही थोरल्याला पटवलेत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल थंड झाल्यावर त्याचे गोळे तुम्ही वळून घेतलेत. ते भिरंडेल मी हिवाळाभर टाचांना लावले.

साठांची गंमत वेगळीच. परातीला खोबरेल चोपडायचे, फणसाच्या गऱ्यांचा रस पातळ पसरायचा, तो सुकला की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर. कावळे हाकायला थोरला काठी घेऊन चिंचेखाली बसायचा. थर नीट धरला का ते बघायला तो कडेचा एक तुकडा सुरीने उचलायचा, बघायचा आणि तोंडात टाकायचा. तुम्ही ते रोज बघत होतात आणि रोज कडेला थोडा रस जास्त ओतत होतात.

मग पावसाने घाई केली. 24 मे ला मान्सून केरळात उतरला, नेहमीच्या 1 जूनपेक्षा तब्बल आठ दिवस आधी, आणि 26 ला थेट मुंबईत. आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. सोलां अर्धीच वाळलेली, साठांचे वरचे थर ओले. पहिली सर आली तेव्हा दोन्ही घरांतली झाडून सगळी माणसे अंगणात धावली, बाबासुद्धा. आई खुर्चीतून "आधी सोलां उचला, साठं राहू देत" म्हणून ओरडत होती आणि पावसाच्या आवाजात कुणाला ते ऐकू जात नव्हते. मुले चिंब भिजून हसत सुटली. गेल्या कित्येक वर्षांत आमचे घर इतके हसलेले मला आठवत नाही.

गॅस आल्यावर आम्ही चूल काढून टाकली, तुमची अजून आहे. तिच्यावर टांगलेल्या कामट्यांच्या मांडणीवर आमची सोलां तुम्ही पसरलीत. तुमची स्वतःची त्यासाठी खाली उतरवून कोपऱ्यात सुपांत ठेवलीत, हे मला नंतर तुमच्या सुनेकडून कळले. रोज पहाटे उठून खालचा जाळ सांभाळलात, धूर जास्त होऊ नये म्हणून सुकी लाकडे वेगळी काढून ठेवलीत. सोलां नीट वाळली. आता पुण्यात ज्या दिवशी सोलकढी करते त्या दिवशी तिला तो चुलीचा मंद वास येतो. मुले वास घेऊन "काकीआजीची कढी" म्हणतात. बाजारची आमसुले आणायला त्यांनी मला साफ बंदी केली आहे.

दुपारी सगळे पेंगले की तुम्ही पेपर घेऊन आईपाशी बसायच्या, हेही लिहायलाच हवे. मृत्युलेखांपासून नाटकाच्या जाहिरातींपर्यंत सगळे मोठ्याने वाचायच्या. चष्मा पुढे-मागे करत, ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणते, हाताचा व्यायाम फिजिओथेरपीवाल्यांनी करून घेतला, पण मनाला उभारी त्या दुपारच्या वाचनाने आली.

त्या चष्म्यावरूनच आता मुद्द्याचे लिहिते. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आहे, हे मला तुमच्या मुलाने कळवले. तुम्ही आधी म्हणालात काजूचा हंगाम होऊ दे, मग म्हणालात पुरुमेंत होऊ दे, आता म्हणता चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे. काकी, चवथ झाली की तुम्ही दिवाळी म्हणाल. येत्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघेही येत आहोत. मी रजा टाकली आहे. तुमच्या मुलाशी बोलून पहिल्या डोळ्याची तारीख त्याच आठवड्यातली घ्यायला सांगितली आहे, रागावू नका. थेंब घालायला मी आहे, चुलीपाशी तुम्हाला कुणी जाऊ देणार नाही, पेपर धाकटी वाचून दाखवेल, तिचे मराठी वाचन आता चांगले झाले आहे. फणस उतरवायला जावई आहेत. तुमच्या घरची भिरंडे माझी मुले फोडतील आणि मीठ किती घालायचे ते तुम्हालाच विचारतील. आईने तर तुमच्यासाठी आरामखुर्चीला नवे कापड लावून घेतले आहे.

तुमच्या बरण्या आमच्याकडेच राहिल्या होत्या, त्या धुऊन, उन्हात वाळवून आणते आहे. एकीत पुण्याचे मेतकूट आहे, काकांना पेजेबरोबर आवडते म्हणून.

काकांना साष्टांग नमस्कार, सुनेला आणि मुलांना आशीर्वाद. तारीख पक्की झाली की लगेच कळवा. कळावे, लोभ असावा.

तुमची,
शेजारची लेक