नोटशीटवर लिही

इंदूर, १८ सप्टेंबर २०२५

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा ती दुकानं पाडायच्या निरोपाचं बोलता बोलता तू एकदम "आई, हे फोनवर नको" म्हणालीस आणि विषय बाबांच्या गुडघ्यावर नेलास. बाबा खूश, लेकीला केवढी काळजी! मला मात्र काय ते कळलं. म्हणून हे पत्र. तसं पाकीटही फोडता येतंच. पोस्टाच्या १८९८ च्या कायद्यात ती सोय होती आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ठेवली आहे. मी टेलिफोन खात्यात लागले त्या १९८६ साली संसदेने टपाल अडवण्याचे अधिकार आणखी वाढवणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांनी त्यावर सहीच केली नाही. परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. आमच्या डायनिंग हॉलमध्ये तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. एका सहीची किंमत मला तेव्हापासून ठाऊक आहे.

तू मला ओळखतेस ती बीएसएनएलच्या बिलिंग काउंटरवरची आई. त्याआधीची ट्रंक बोर्डावरची, परगावचे फोन हाताने जोडून देणारी आई तू पाहिलेली नाहीस. कानाला हेडसेट, समोर दिव्यांच्या रांगा, हातात कॉर्डची जोडी. एक टोक बुकिंग करणाऱ्याच्या लाइनला, दुसरं भोपाळच्या नाहीतर मुंबईच्या ट्रंकला. तिकिटावर वेळ टाकायची आणि दोन्हीकडची माणसं बोलू लागली की आपली कळ मागे घ्यायची. नाही घेतली तर सगळं ऐकू येतं. लग्न मोडल्याचे फोन, कापड बाजारातले भाव, पुढाऱ्यांच्या "माणूस पाठवतो"च्या गोष्टी. आमच्यावरही लक्ष असायचं. मॉनिटर बाई त्यांच्या टेबलावरून कोणाच्याही बोर्डावर कान लावू शकत. त्यामुळे फोन कोणी ऐकत असेल याचं तुला वाटतं तेवढं अप्रूप मला नाही.

खरं टॅपिंग मात्र आमच्या हॉलमध्ये होत नसे. ते खाली एमडीएफवर, म्हणजे तारांच्या मुख्य चौकटीवर. शहरातल्या प्रत्येक फोनच्या तारांची जोडी तिथे लोखंडी चौकटीवर येऊन बसायची आणि तिथून जंपरच्या तारेने एक्स्चेंजमध्ये जायची. त्या जोडीला आणखी एक जोडी लावली की झालं. दोन मिनिटांचं काम. तिथले आमचे एक जुने सहकारी, आता नाहीत ते, मला एकदा म्हणाले होते, "ताई, चिठ्ठी आली की जोडायचं. पण चिठ्ठीची मुदत संपली हे सांगायला कोणी येत नाही."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पुढे १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याच्या प्रकरणात सीबीआयने जो तपास केला होता, त्यातले आकडे निकालात छापलेले आहेत. १११ नंबर १८० दिवसांच्या वर टॅपवर होते आणि त्यासाठी सरकारची परवानगीच घेतलेली नव्हती. चार नंबर असे की ते कोणाच्या हुकमाने लागले याचा कागदच मिळाला नाही. आमच्या एमडीएफवाल्या भाऊंचं म्हणणं शब्दश: खरं होतं.

त्या निकालाने नियम घालून दिले. केंद्राचा नाहीतर राज्याचा गृहसचिव यानेच हुकूम काढायचा, कारण लिहायचं, हुकूम दोन महिने चालेल, फार तर सहा, आणि वर एक समिती तो तपासेल. हेच पुढे २००७ मध्ये तार कायद्याच्या नियमांत आलं आणि आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालच्या नियमांतही थोड्याफार फरकाने आहे. कागदावर उत्तम. पण माहितीच्या अधिकारात गृह मंत्रालयाने २०१३ मध्ये उत्तर दिलं की केंद्राकडून महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार असे हुकूम निघतात. म्हणजे दिवसाला अडीचशे-तीनशे. तू आता एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, म्हणून फायलींवर सह्या करतेस, तूच सांग, एक माणूस दिवसाला तीनशे कारणं वाचून विचार करून सही करू शकतो का? टॅपिंग मुळातच नको असं मी म्हणत नाही. अपहरण झालेल्या पोराचा माग फोनवरूनच लागतो. पण सही करणाऱ्याने वाचलंच नसेल तर ती सही आणि आमच्या बाबूचा रबरी शिक्का यांत फरक काय राहिला?

आता तुझ्या दुकानांबद्दल. गणपतीत आली होतीस तेव्हा अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघून परतताना जेवढं सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे. बाजारातली एक ओळ पाडायची आहे, वरून तोंडी निरोप आहे, नोटीस मागच्या तारखेची काढ म्हणतात. आणि त्या ओळीतल्या एका दुकानदाराच्या मुलाने रात्रीच्या रेतीच्या डंपरांचे व्हिडिओ टाकले आहेत. डंपर कोणाच्या नातेवाइकाचे, हे तू नाव न घेता सांगितलंस आणि मीही इथे लिहीत नाही. शिवाय त्या मुलाचे कॉल डिटेल "काढून घेता येतील का बघा" असंही कोणीतरी चहा पिता पिता म्हणालं. बघू नकोस. ते एसडीएमचं काम नाही. ती मागणी पोलिस अधीक्षकांच्या दर्जाचा अधिकारी करतो, तपास चालू असेल तर, आणि त्याचीही नोंद राहते.

दुकानांचं मात्र तुलाच बघावं लागणार. सुप्रीम कोर्टाचा पाडापाडीवरचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल काढून वाच. मी वाचला, बाबांनी प्रिंट आणून दिली. नोटिशीनंतर किमान पंधरा दिवस, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, पाडतानाचा व्हिडिओ काढायचा. मागच्या तारखेचा खेळ कोर्टालाही ठाऊक आहे, म्हणून नोटीस बजावली की लगेच कलेक्टर कचेरीला ईमेल करायची आणि तिथून आपोआप पोच यायची, अशी व्यवस्था त्यांनी सांगितली आहे. आणि बेकायदा पाडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या पगारातून. निरोप देणाऱ्याच्या खिशाला काही होत नाही, हे नीट वाच. एक मात्र आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइन, नदी-तलाव यांवर किंवा त्यांना लागून केलेल्या अतिक्रमणाला हा निकाल लागू नाही. तेव्हा ती ओळ पट्ट्याच्या, म्हणजे कागदोपत्री हक्काच्या, जमिनीवर आहे की रस्त्यावर, ते पटवारीकडून नकाशासकट लिहून घे. दुकानदारांचंच चुकलेलं असेल तर नीट नोटीस देऊन पाड. तसं झालं तर मी तुझ्याच बाजूची.

तोंडी निरोपाबद्दल आपल्या इंदूरने एक गोष्ट जगाला दाखवून ठेवली आहे. बावला खून खटला आजी तुम्हाला सांगायची, पण ती सगळी महाराज तुकोजीराव होळकरांच्या दरबारातल्या मुमताज बेगमच्या रूपाची आणि हिऱ्यांची बाजू सांगायची. मी दुसरी सांगते. बाई दरबार सोडून गेली, तिच्या मागावर माणसं राहिली, आणि १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर मोटार अडवून तिच्याबरोबरच्या अब्दुल कादर बावलाला गोळ्या घातल्या. योगायोगाने काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथून चालले होते म्हणून ती वाचली, आणि गुन्हा मुंबईत घडला म्हणून खटला तरी उभा राहिला. इंदुरात घडता तर कागदही हलला नसता. तिघांना फाशीची शिक्षा झाली, चौघांना जन्मठेप. आरोपींत कोण होतं? होळकर सरकारच्या पगारावरची माणसं. फणसे तर सरदार, फौजेत वरच्या हुद्द्यावर. त्यांच्या बाजूने खुद्द जिना उभे राहिले होते, तरी जन्मठेप टळली नाही. महाराजांनी असा हुकूम दिल्याचा एक कागद कोर्टापुढे आला नाही. तुकोजीरावांनी पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, चौकशी आयोगापेक्षा गादी सोडणं पत्करलं. लोक राजवाड्यासमोर उभे राहून अजून महाराजांच्या ऐश्वर्याचे किस्से सांगतात. त्या सातांची नावं किती जणांना येतात?

तुझ्यासारख्या दंडाधिकाऱ्याचं नाव इतिहासात कसं राहतं, हेही मध्य प्रदेशानेच दाखवलं. "एडीएम जबलपूर", म्हणजे जबलपूरचा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, या नावाचा खटला. कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्या खुर्चीवर तेव्हा कोण बसलं होतं ते कोणी सांगत नाही, खुर्ची मात्र अजरामर झाली. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्यांनी हायकोर्टात दाद मागितली, जबलपूरच्या हायकोर्टाने ऐकलं, सरकार वर गेलं, आणि २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं ठरवलं की आणीबाणीत त्यासाठी कोर्टाचं दारच बंद. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं. चारांतले एक आपले यशवंतराव चंद्रचूड, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या नऊ न्यायाधीशांच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला तो त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आईबापांचं चुकलं तर पोरांनी ते लिहून खोडावं, इतकं मोकळं घर असावं.

पुढे शहा आयोगाने आणीबाणीच्या फायली उघडल्या तेव्हा काय निघालं? वरून सांगितलं म्हणून केलं. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली, तीही तोंडी हुकमावर. देशात एक लाखाहून जास्त माणसं आत गेली आणि वॉरंटवर सह्या करणाऱ्यांतले कितीतरी कारणंही न वाचता सह्या करत होते. ही माणसं राक्षस नव्हती गं. तुझ्यासारखीच स्पर्धा परीक्षा देऊन आलेली, घरी आईबाप, पोरांच्या शाळा.

म्हणून एक निकाल तोंडपाठ कर. टी. एस. आर. सुब्रमण्यम, ३१ ऑक्टोबर २०१३. माजी कॅबिनेट सचिव आणि इतर निवृत्त अधिकारीच कोर्टात गेले होते. कोर्टाने सांगितलं, तोंडी हुकमावर काम करू नका, आलाच तर तो लिहून काढा. तुझ्या नोटशीटवर, फाइलीतल्या शेऱ्यांच्या कागदावर, दोन ओळी पुरेत: "अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक यांच्याकडून दूरध्वनीवर निर्देश मिळाले. लेखी पुष्टी मिळाल्यावर कारवाई करता येईल." भांडण नाही, भाषण नाही, मोठा आवाज नाही. खाली सही, तारीख, वेळ. आणि फाइल वर पाठवून दे. माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे, अशा दोन ओळींनंतर निम्मे निरोप परत येतच नाहीत. तुझ्या कचेरीतला रीडर म्हणेल, मॅडम, असं कोणी लिहीत नाही. त्याला चहा पाज.

तू म्हणशील, बदली होईल. होईल. व्यापमच्या, त्या परीक्षा मंडळाच्या घोटाळ्याच्या, वेळी काय झालं ते तू कॉलेजात असताना पाहिलंस. २०१३ मध्ये इथल्याच क्राइम ब्रँचने तोतया परीक्षार्थी धरले तेव्हा लोकांना वाटलं चार पोरांची कॉपी. मग इंजिन-बोगी निघाली, म्हणजे हुशार पोरगं पुढच्या बाकावर आणि पैसेवालं मागे, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६३४ जणांचे मेडिकलचे प्रवेश रद्द केले. ते सगळं कॉम्प्युटरमध्ये रोल नंबर हलवून, कोऱ्या उत्तरपत्रिका नंतर भरून. एकाही नोटशीटवर "असं करा" लिहिलेलं नसणार. तू इथे भंवरकुआंच्या क्लासवाल्या भागातल्या त्या कोंदट खोलीत राहून, दोनदा मेन्समध्ये पडून आलीस, कोणाच्या मागच्या बाकावर बसून नाही. तेव्हा बदलीने तुझं काय जाणार? फार तर डिंडोरीसारखा आडवळणाचा जिल्हा. तिथेही लोकांच्या तक्रारी ऐकायची मंगळवारची जनसुनवाई असतेच.

राहिला फोन. २०२१ मध्ये फोनमध्ये घुसून हेरगिरी करणाऱ्या पेगाससचा गाजावाजा झाला, सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घुसलेलं सापडलं, पण ते पेगाससच होतं असं सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं समितीने कोर्टाला कळवलं. तुझ्यामागे कोणी एवढा खर्च करेल असं मला वाटत नाही. पण तू "फोनवर नको" म्हणायला लागलीस, म्हणजे खर्च न करताच त्यांचं काम झालं. जे तू नोटशीटवर सहीनिशी लिहिणार आहेस ते आईला फोनवर सांगायला काय हरकत? गोपनीय फायली अर्थात वेगळ्या, त्या मला सांगूही नकोस. ट्रंक बोर्डावर ऐकलेलं मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही, अजून विचारतात.

दिवाळीला रजा मिळते का ते या आठवड्यात कळव. ओव्हरनाइट एक्सप्रेसचं रिझर्वेशन मिळत नाही, बाबा बसने न्यायला येतो म्हणतात आणि गुडघ्याचं विसरतात. चिवडा आणि अनारशाचं पीठ शेजारच्या पोराबरोबर पाठवते आहे. तो तुझ्या जिल्ह्यात औषधं विकायला येतो. पीठ डब्यात घालून झाकण घट्ट लाव.

तुझी,
आई