आधी उंचीची पट्टी, मग तिकीट

संपादक महोदय, स. न. वि. वि.

सुट्टीचा हंगाम आला की पर्यटन पुरवण्यांतून फ्लोरिडातल्या ऑर्लँडोची दोन रिसॉर्ट, डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल, एका चौकटीत शेजारी शेजारी मांडली जातात. दोन्हींचे तिकिटाचे दर आणि खाली ठरलेला सल्ला : ‘दोन दिवस इथे, दोन दिवस तिथे.’ हा सल्ला सोपा आहे, पण लहान मुले असलेल्या बहुतेक कुटुंबांना तो महागात पडतो. तिकिटाच्या दरात दोन्ही ठिकाणी फार अंतर नाही. खरा फरक पडतो तो घरातल्या सर्वांत बुटक्या मुलाच्या उंचीने आणि रांगेत जाणाऱ्या तासांनी, आणि या दोन गोष्टी त्या चौकटीत कधीच नसतात.

आधी जागेचा अंदाज घ्यायला हवा. १९७१ साली सुरू झालेले डिस्ने वर्ल्ड सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम ही चार पार्क एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत आणि मधले अंतर बस, मोनोरेल, बोट किंवा स्कायलायनर या हवाई पाळण्याने कापावे लागते. युनिव्हर्सलची मूळ दोन पार्क, १९९०चे युनिव्हर्सल स्टुडिओज आणि १९९९चे आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर, एकमेकांना लागून आहेत. एकातून दुसऱ्यात पाच-दहा मिनिटांत चालत जाता येते. मे २०२५ मध्ये उघडलेले एपिक युनिव्हर्स मात्र तिथून काही किलोमीटर लांब आहे. त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळा प्रवास धरावा.

डिस्नेच्या पहिल्या सकाळीच अनेकांचे वेळापत्रक कोलमडते. मॅजिक किंगडमचे वाहनतळ पार्कच्या दाराशी नाही. गाडी लावल्यावर वाहतूक केंद्रावर यायचे, सुरक्षा तपासणी करायची आणि मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळे ओलांडायचे. टॅक्सीसुद्धा याच केंद्रावर सोडते. गाडीतून उतरल्यापासून तिकीट लावेपर्यंत पाऊण तास सहज जातो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांतून सुटणारी बस मात्र थेट पार्कच्या दाराशी नेते. बाहेरचे स्वस्त हॉटेल घेताना मॅजिक किंगडमच्या दिवसाचा हा पाऊण तासही हिशेबात धरा. शिवाय डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना कोणत्याही पार्कमध्ये रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, आणि मुक्कामी गाडी लावण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत ते पडतात.

आता उंची. दोन्हीकडे तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून ‘लहान आहे, फुकटच आहे’ असे म्हणत लोक युनिव्हर्सल निवडतात. प्रवेश फुकट असला तरी त्या मुलाने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न उरतोच. मॅजिक किंगडममध्ये उंचीची अट असलेल्या राइड जेमतेम सात-आठ आहेत. बाकी सगळीकडे, म्हणजे पीटर पॅन, पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, जंगल क्रूझ, डम्बो या सर्व ठिकाणी, तान्ह्या मुलाला मांडीवर किंवा शेजारी घेऊन सगळे कुटुंब राइडवर जाऊ शकते. डिस्नेच्या मोठ्या राइडची अटही तुलनेने खालची आहे : सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉगला ३८ इंच (९७ सेंमी), टॉवर ऑफ टेररला ४० इंच (१०२ सेंमी), स्पेस माउंटन आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४ इंच (११२ सेंमी). ट्रॉनसाठी मात्र ४८ इंच (१२२ सेंमी) लागतात.

युनिव्हर्सलमध्ये ज्या राइडची जाहिरात पाहून मुले हट्ट धरतात, नेमक्या त्याच उंचीत अडकतात. हॅग्रिडची मोटारसायकल आणि फॉरबिडन जर्नी ४८ इंच, व्हेलॉसिकोस्टर ५१ इंच (१३० सेंमी), हल्क ५४ इंच (१३७ सेंमी). एपिकचे स्टारडस्ट रेसर्सही ४८ इंच मागते. मारिओ कार्टचे ४० इंचांत भागते. ३६ ते ४० इंचांच्या मुलासाठी हिप्पोग्रिफ, ट्रोल्सची छोटी गाडी, सूस लँडिंग हा लहान मुलांचा परिसर अशा मोजक्याच गोष्टी हाताशी राहतात. एक मजेशीर अपवाद म्हणजे टेरानोडॉन फ्लायर्स. तिथे मोठ्या माणसाला एकट्याने बसता येत नाही, सोबत ३६ ते ५६ इंचांचे मूल असावेच लागते.

घरी उंची मोजताना मूल बूट घालून ताठ उभे करा आणि अर्ध्या इंचाची सूट मनात धरू नका. प्रत्येक राइडच्या दाराशी खुणेची पट्टी असते, कर्मचारी मुलाला तिच्याखाली उभे करतो आणि डोके पट्टीला टेकले नाही तर सरळ बाजूला काढतो. तिथे विनवणी चालत नाही, आणि चालू नयेच. लॅप बार, म्हणजे बसणाऱ्याला अडवून धरणारा दांडा, मांडीवर नीट बसेल की नाही, हे त्या उंचीवर ठरलेले असते.

एक मूल छोटे आणि एक मोठे असेल तर आईवडिलांनी आळीपाळीने बसण्याची सोय दोन्हीकडे आहे, पण पद्धत वेगळी. डिस्नेत त्याला रायडर स्विच म्हणतात. राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगायचे. एक पालक मोठ्या मुलासह रांगेत जातो, दुसरा छोट्याला घेऊन बाहेर हवे तिथे थांबतो आणि नंतर जलद रांगेतून आत जातो. युनिव्हर्सलच्या चाइल्ड स्वॅपमध्ये सगळे कुटुंब मिळून पूर्ण रांग लावते आणि गाडीत बसण्याच्या ठिकाणाजवळच्या खोलीत आळीपाळीने थांबते. म्हणजे तासाची रांग असेल तर दोन वर्षांचे मूलही तासभर रांगेत. ही बाब आधी माहीत नसली की दुपारपर्यंत घरातल्या सर्वांचा संयम संपतो.

मोठ्यांसाठीही एक सूचना आहे. युनिव्हर्सलमध्ये पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांच्या राइड बऱ्याच आहेत. डोळ्यांना दिसणारा वेग आणि शरीराला जाणवणारी हालचाल जुळत नाही, म्हणून मळमळते. घाटात गाडी लागणाऱ्यांनी अशा राइड लागोपाठ घेऊ नयेत आणि जेवणानंतर तर मुळीच नाही. हल्क आणि व्हेलॉसिकोस्टरला खिशातला मोबाइल, नाणी, किल्ल्या सगळे लॉकरमध्ये ठेवून मेटल डिटेक्टरमधून जावे लागते. छोटा लॉकर मोफत असतो. पाठीवरची फुगलेली पिशवी त्यात मावत नाही आणि मोठ्याला पैसे पडतात.

रांगेचा हिशेब तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे. डिस्नेची लाइटनिंग लेन ही जलद रांग पैसे देऊन घ्यावी लागते आणि तिचे नेहमीचे प्रकार दोन आहेत. मल्टी पासमध्ये एका पार्कच्या तीन राइडच्या वेळा आधी निवडायच्या. त्यातली एक वापरली की पुढची मिळते, पण एका राइडवर दिवसात एकदाच. सर्वांत मागणी असलेल्या मोजक्या राइडसाठी सिंगल पास निराळा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना हे बुकिंग मुक्कामाच्या सात दिवस आधी करता येते, तेही सगळ्या मुक्कामासाठी एकदम. इतरांना फक्त तीन दिवस आधी. बुकिंग ऑर्लँडोच्या घड्याळात सकाळी सात वाजता उघडते. बाहेर राहणारा तीन दिवस आधी बुकिंगला बसतो तेव्हा सकाळच्या चांगल्या वेळा बहुधा गेलेल्या असतात.

युनिव्हर्सलची एक्सप्रेस रांग समजायला सोपी : वेळ ठरवायची नाही, यायचे आणि आत जायचे. गर्दीच्या दिवसांत तिचा दर माणशी २०० डॉलरच्या वर जातो. मात्र पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोली घेतली की खोलीतल्या प्रत्येकाला मूळ दोन पार्कांची अमर्याद एक्सप्रेस मिळते, आणि तीही येण्याच्या व जाण्याच्या दोन्ही दिवशी. चौघांनी एका रात्रीची खोली घेतली की आठ पास हाती येतात. खोली दुपारनंतर मिळत असली तरी सकाळीच स्वागतकक्षात नोंद करून पास घेता येतात. म्हणून गर्दीच्या दिवसांत महागडे दिसणारे हे हॉटेल, स्वस्त हॉटेल अधिक विकतची एक्सप्रेस यापेक्षा पुष्कळदा कमीत पडते. पार्कचे तिकीट त्यात नसते. एपिक युनिव्हर्सला हा पास चालत नाही, आणि एपिकला लागून असलेल्या हेलिओस ग्रँडमध्ये राहूनही फुकट एक्सप्रेस मिळत नाही. फसगत होते ती इथे. युनिव्हर्सलचे कुठलेही हॉटेल घेतले की एक्सप्रेस आलीच, असे गृहीत धरू नका.

‘दोन-दोन दिवसां’चा तोटाही यावरून कळेल. डिस्नेच्या तिकिटात जसजसे दिवस वाढतात तसतसा दर दिवसाचा भाव उतरतो, त्यामुळे दोन दिवसांचे तिकीट दररोजच्या हिशेबाने महाग. चार पार्क दोन दिवसांत करायची तर पार्क बदलण्याचे जादा पैसे आणि बसमधला वेळ. माझे मत विचाराल तर घरातले सर्वांत छोटे मूल ४० इंचांखाली असेल तर चार दिवस डिस्ने आणि युनिव्हर्सल पुढच्या खेपेला. सगळे ४८ इंचांवर असतील तर उलट : एक रात्र वरच्या तीनपैकी एका हॉटेलात, दोन दिवस मूळ पार्क, तिसरा दिवस एपिक. मधल्या उंचीच्या मुलांसाठी तीन दिवस डिस्ने आणि शेवटी एका रात्रीचे युनिव्हर्सल. डिस्नेचे चार दिवसांचे तिकीट सात दिवसांत वापरता येते, तीन दिवसांचे पाच दिवसांत. तेव्हा मध्ये एक दिवस पोहण्याच्या तलावाशी काढायला जागा आहे आणि तो काढाच. मूळ दोन पार्कांमधली हॉगवर्ट्स एक्सप्रेस आगगाडी हवी असेल तर एकाच दिवशी दोन्ही पार्क करण्याचे तिकीट लागते. साधे तिकीट घेतलेले लोक स्थानकावरून परत फिरतात.

खाण्याचे थोडक्यात. डिस्नेत घरचा डबा आत नेता येतो, फक्त काचेच्या बरण्या आणि मद्य नको. युनिव्हर्सलमध्ये पाणी, किरकोळ खाऊ, बाळाचे अन्न आणि औषधी पथ्याचे चालते. जेवणाचा डबा चालत नाही. शाकाहारींना डिस्नेत सोय अधिक आहे. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांची थाळी मिळते. टेबलावर बसून जेवायच्या जागा ६० दिवस आधी खुल्या होतात.

हवामानाचा विचार न करता तारखा ठरवणारे सर्वांत जास्त पस्तावतात. जून ते सप्टेंबर बहुतेक दुपारी गडगडाटी पाऊस होतो. जवळ वीज दिसली की उघड्यावरच्या राइड, पाण्याचे खेळ आणि स्कायलायनर बंद होतात. म्हणून बाहेरच्या रोलर कोस्टर सकाळी, छपराखालच्या राइड दुपारी. मोठ्या राइड दुरुस्तीसाठी आठवडेच्या आठवडे बंद असतात, त्या यादीकडे बुकिंगपूर्वी पाहावे. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. येण्याच्या आधीच्या सात दिवसांत राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने ऑर्लँडोसाठी इशारा दिला, तर थेट घेतलेले बुकिंग डिस्ने आपले शुल्क न लावता पुढे ढकलू देते किंवा रद्द करते. विमान आणि मध्यस्थाकडून घेतलेली खोली यांचे नियम त्यांचे त्यांचे. ते पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्यावेत.

आपला,
एक वाचक