रविवारी घरी एक मुलगा येईल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या सुरक्षेचा विषय काढला की बाबा "बघू पुढं" म्हणतात आणि आई मी जेवले का विचारते, म्हणून लिहितेय. येत्या रविवारी सकाळी एक मुलगा येईल आणि धोका कळवणाऱ्या तीन वस्तू बसवून जाईल. पैसे भरून झालेत, त्याला परत पाठवू नका. देवघराच्या भिंतीला हात लावायचा नाही, हे त्याला बजावून सांगितलंय.

पुण्याला या, असं मी आता म्हणणार नाही. अण्णांच्या वेळचं सगळं तुमच्या मनात आहे, ते मला कळतं. तुमचं अंगण, संध्याकाळचा कट्टा, ओळखीचा डॉक्टर, यातलं काहीच मी इथे देऊ शकत नाही. तिथेच राहा. फक्त एवढी सोय करू द्या.

आई, पहिली वस्तू तुझ्यासाठी. कोविडनंतर तुला वास पूर्वीसारखा येत नाही. दिवाळीत खोबरं करपलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीतून ओरडले, आणि तू कढईसमोरच उभी होतीस. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. नाकच साथ देत नसेल तर त्याचा काय उपयोग? या डबीत टिन ऑक्साइड असतं. त्याला गॅस लागला की त्यातून वीज जास्त वाहते आणि भोंगा वाजतो. ही युक्ती जपानच्या नाओयोशी तागुची यांची, 1962 सालची. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून डबी जमिनीलगतच बसेल. ती दिसायला बरी नाही म्हणून वर लावून घेऊ नकोस. तिच्याजवळ सॅनिटायझर किंवा सेंट मारू नकोस, उगाच वाजेल.

दुसरी न्हाणीत. बाबा, तो कॅमेरा नाही, हे शपथेवर सांगते. रडार आहे. मोबाईलपेक्षाही क्षीण लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून माणूस उभा आहे की खाली पडलाय एवढंच ओळखतो. चित्र काढतच नाही, त्यामुळे कुणाला काही दिसण्याचा प्रश्नच नाही. निरोप फक्त मला, दादाला आणि शेजारच्या काकूंना जाईल. काकूंकडे किल्ली ठेवायला मी सांगितलंय, रागावू नका.

तिसरी बाबांच्या दंडावर. एक छोटी गोल चकती, 14 दिवस राहते, अंघोळ चालते. तिची बारीक तार कातडीखाली जाते, लावताना जेमतेम टोचतं. रात्री साखर 70 च्या खाली गेली तर फोन वाजेल. मागच्या वेळी पहाटे घामाने भिजून उठलात आणि आम्हाला आठवड्याने सांगितलंत, ते मी अजून विसरले नाही. एक ध्यानात ठेवा, ती रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजते. आकडा काही मिनिटं मागे असतो. अंगात एक आणि फोनवर दुसरंच असं वाटलं तर बोट टोचून बघा. इन्सुलिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करायचं नाही.

बाबा, तुम्ही पंपाच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचात, मूठ कानाला लावायचात आणि म्हणायचात, "हे हंगाम काढणार नाही." मला उचलून घेऊन ऐकवायचात. मला नुसती घरघर ऐकू यायची, पण मी मान डोलवायचे. आज चाकणला आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक मोटारीवर कंपनं मोजणारा सेन्सर आहे. आत केसाहून बारीक अशा सिलिकॉनच्या पट्ट्या हलतात. बेअरिंगच्या कड्याला चरा पडला की कानाला कळायच्या कितीतरी आधी स्क्रीनवर दिसतं. पण बदल कशाने झाला, हे सांगायला अजूनही जुना फिटरच लागतो. मामाच्या द्राक्षबागेतही तेच. पान किती तास ओलं राहिलं हे यंत्र सांगतं, त्यावरून डाउनी या रोगाचा धोका कळतो, पण फवारायचं की नाही हे मामाच ठरवतो. तुमच्याही घरात तुम्हीच मालक. यंत्राने फक्त वेळेत हाक मारायची.

आता नीट ऐका. गॅसचा भोंगा वाजला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या नंबरला फोन. रडारची वायर मिक्सरसाठी काढायची नाही. बाबांनी फोन उशाशी ठेवायचा, आवाज बंद न करता. आणि खडीसाखर पलंगाशेजारच्या डबीत, फडताळात नाही.

महिनाभर वापरून बघा. न्हाणीतलं नकोच वाटलं तर काढून टाकू, मी हट्ट करणार नाही. गॅसचं आणि दंडावरचं मात्र राहील.

शनिवारी रात्री फोन करते. आई, त्या मुलाला चहा दे, पण तो काम करत असताना मागे उभी राहून सूचना देऊ नकोस.

तुमची,
चिमी