मुख्याध्यापकांना वर्गावर जाऊ द्या

मा. संपादक,
स. न.

माझी भाची एम.एड. करते. गेल्या रविवारी मुख्याध्यापकांसाठीची प्रश्नावली घेऊन आली. म्हणाली, "मावशी, निवृत्त झालीस म्हणून काय झालं, भरून दे." व्यवस्थापन, अध्यापनाचं नेतृत्व, मूल्यांची जपणूक यांत स्वतःची किती खात्री वाटते, ते १ ते ९ मध्ये लिहायचं होतं.

व्यवस्थापनाला बेधडक ८ दिले. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली होती, पण खरं शिकवलं ते तांदळाच्या गोणीने. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५०. हजेरी आणि शिल्लक जुळेना, की रात्री झोप नसे. शाळेला लिपिक नाही, त्यामुळे रोजची माहिती ऑनलाइन पोर्टलवरही मीच भरायचे. (सर्व्हर बहुधा खिचडीची चव घ्यायच्या वेळेलाच चालू व्हायचा!)

अध्यापनाच्या ओळीवर मात्र पेन अडलं. आठवला तो एकच तास. गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला गेले होते, म्हणून मी सहावीच्या वर्गावर गेले. फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं. निम्म्या वर्गाने उत्तर काढलं २/५. मी म्हटलं, "अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं?" एक मुलगी पाटीकडे बघत राहिली, मग स्वतःच पुसून सहाचा छेद करायला बसली. घंटा झाली तरी मला कळलं नाही. ऑफिसात आले तर 'माहिती तातडीने पाठवा' म्हणून फोनवर फोन. दुसऱ्या दिवशी सरांशी त्या २/५ बद्दल अर्धा तास बोलले. एरवी त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते रजेच्या अर्जावर.

स्वतः करून जमलेलं काम हाच आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. जरूर द्या. पण खुर्चीवर बसून ऐकलेल्या ५० तासांनी माझ्या त्या ओळीवरचा आकडा फारसा वाढला नसता. मी ४ लिहिले, तेही त्या सहावीच्या जिवावर.

जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या वेळापत्रकात आठवड्याला निदान चार तास शिकवण्याचे असावेत आणि त्या वेळात कोणीही माहिती मागू नये. लिपिकाचं नंतर बघू. एवढ्याला तरी निधी लागत नाही.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका, इंदिरानगर, नाशिक