आप्पा, त्या कागदी पट्टीबद्दल

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

१ जुलैच्या कृषी दिनासाठी वसंतराव नाईकांचा फलक तुम्ही तपासून दिलात, त्याचे आभार तोंडी मानून भागत नाही. आधी दोन जाणत्यांकडे मजकूर गेला होता. एकाने न वाचताच ‘छान’ म्हणून परत धाडला, दुसऱ्याने नुसती विशेषणं वाढवली. ‘पहिले मुख्यमंत्री’ ही ढळढळीत चूक दोघांनाही दिसली नाही!

तुम्ही लाल पेन नाही, पेन्सिल घेतलीत. आधी यशवंतराव चव्हाण, मग कन्नमवार. कन्नमवार पदावर असतानाच वारले आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईक आले, ते थेट २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत.

संकरित ज्वारीने कोठारं भरली, हे वाक्य तुम्ही ठेवलंत. त्याखाली मात्र लिहिलंत: सीएसएच-१ ही संकरित ज्वारी लवकर तयार व्हायची, म्हणून पावसात सापडून दाणा काळा पडायचा, ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. (नाजूक पोराला ‘हायब्रीड’ म्हणायची सवय तिथूनच आली असावी.) कापूस एकाधिकार खरेदीचंही, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायच्या योजनेचंही, तसंच. हमीभाव होता, पण चुकारे हप्त्याहप्त्याने. बाहेर भाव चढला की आपल्या खान्देशातला कापूस रातोरात हद्द ओलांडून मध्य प्रदेशात नाहीतर गुजरातेत जायचा. हे चोपड्याच्या माणसाला कुणी सांगायला नको, पण फलकावर लिहायला धीर लागतो.

सगळ्यात मनात राहिली ती रोजगार हमीची ओळ. योजना १९७२ ची, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे कायदा नाईकांच्या काळातला नाहीच. आणि मूळ कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली. फलकावर जागा उरली नव्हती. तुम्ही पांढऱ्या कागदाची पट्टी कापलीत, फूटपट्टी लावून नाईकांच्या नावाची उंची मोजलीत आणि तेवढ्याच अक्षरांत ‘पागे’ लिहून खळीने चिकटवलंत. मोठ्या माणसाच्या शेजारी दुसऱ्याचं नाव बारीक करायची आपल्याकडे फार खोड आहे. एकाला वाढवायचं तर दुसऱ्याला पुसावं लागत नाही, हे त्या पट्टीकडे पाहून कळतं. नाईकांनी ती कल्पना उचलून धरली, हे त्यांचं मोठेपण त्यामुळे उलट जास्तच दिसतं.

फलक वाचनालयात दाराशेजारीच आहे. पट्टीचा एक कोपरा सुटलाय. खळ शिजवून ठेवतो, चिकटवायला तुम्हीच या.

आपली,
वाचनालयाची मंडळी